भरवसा मागाहून येतो

संकटाच्या काळी ईश्वरावर भरवसा ठेवावा, हा उपदेश आपल्याकडे इतक्या सढळ हाताने केला जातो की, ज्याच्यावर खरोखर संकट कोसळले आहे त्याच्या कानी तो पडला म्हणजे दिलासा मिळण्याऐवजी आपणच कोठेतरी कमी पडत आहोत अशी बोचणी त्याला अधिक लागते. घरातील कर्ता माणूस अंथरुणाला खिळलेला आहे, किंवा भाऊबंदकीचा दावा वर्षानुवर्षे तारखांवर तारखा घेत पडून आहे, किंवा एखादे न्याय्य काम हाती घेतल्याबद्दल कालपर्यंत ओसरीवर येऊन बसणारे शेजारी आज समोरून आले तरी मान फिरवितात. अशा वेळी मनुष्य चारचौघांत मुकाट्याने मान डोलावतो आणि रात्री दिवा मालवल्यावर स्वतःला विचारतो की, हा भरवसा आणायचा तरी कोठून? हा प्रश्न ज्यांना पडला आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांना तो अद्याप पडलेला नाही त्यांनीही तो वाचून ठेवावा, कारण तशी पाळी कोणावर कधी येईल याचा नेम नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे आपली चूक क्रमात होते. भरवसा ही मनाची एक स्थिर अवस्था असून ती प्रथम प्राप्त व्हावी आणि मग तिच्या बळावर प्रार्थना, नामस्मरण, परोपकार इत्यादी गोष्टी आपल्या हातून घडाव्यात, असे आपण गृहीत धरून बसतो, आणि ती अवस्था येत नाही म्हणून बाकीच्या गोष्टीही तहकूब ठेवतो. परंतु ज्यांनी दुःख आणि विरोध ही दोन्ही पुरेपूर भोगली त्यांच्या चरित्रांत हा क्रम नेमका उलटा आढळतो. तेथे कृती आधी आहे, तीही कोरड्या मनाने केलेली. भरवसा मागाहून आला आहे.

याचा सर्वांत विश्वसनीय दाखला पुण्यापासून आठ-दहा कोसांवर, इंद्रायणीच्या काठी सापडतो. तुकोबांचे चरित्र आपण कीर्तनांतून आणि चित्रपटांतून इतके ऐकलेले-पाहिलेले असते की, त्यांनी स्वतःची कैफियत स्वतःच्याच शब्दांत एका आत्मपर अभंगात दिलेली आहे, ही गोष्ट आपण विसरून जातो. चमत्काराचा गाजावाजा न करता, एखाद्या व्यापाऱ्याने जमाखर्च मांडावा तशा सरळपणाने, आपल्यावर काय काय गुजरले आणि त्यानंतर आपण काय काय केले हे त्यांनी त्यात सांगितले आहे. देहूच्या महाजनांचे ते घराणे. दुकान, सावकारी, घरात पिढीजात पंढरीची वारी. वडील गेले, आई गेली, थोरला भाऊ घर सोडून गेला, आणि अशातच १६३० च्या सुमारास दख्खनेत जो भयंकर दुष्काळ पडला त्याने उरलेसुरले सारे धुऊन नेले. धंद्याचे दिवाळे वाजले, अब्रू गेली, आणि पहिली पत्नी अन्नान्न करीत डोळ्यांदेखत मेली. एवढे झाल्यावर तुकोबांनी प्रथम काय केले? देवाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते नीट करावे असे त्यांच्या मनात आले. ज्याचे स्वतःचे घर मोडले आहे अशा माणसाने हाती घेतलेले हे पहिले काम. पुढे त्यांनी एकादशीचे कीर्तन सुरू केले, आणि याच ठिकाणी ते जी एक कबुली देऊन जातात तिच्यावरच माझ्या या साऱ्या लेखाचा भार आहे: आरंभी अभ्यासाकडे आपले चित्त लागत नव्हते, असे ते मोकळेपणाने सांगतात. तुकोबांचे चित्त लागत नव्हते! मग तुमचे-आमचे पहिल्या दिवशी लागले नाही तर त्यात लाजण्यासारखे काय आहे?

म्हणून पहिले सांगणे हे की, एखादा लहानसा नेम धरावा आणि मन त्यात रमते की नाही याची रोज चौकशी करीत बसू नये. नेम लहान असावा, कारण संकटातील माणसाची शक्ती आधीच खर्ची पडलेली असते. तासभराच्या पूजेचा संकल्प तिसऱ्या दिवशी मोडतो आणि मोडलेला संकल्प दुःखात भर घालतो. सांजवात लावणे, झोपण्यापूर्वी हात जोडून दोन मिनिटे बसणे, हरिपाठातील एखादा अभंग, बायबलातील एखादे स्तोत्र, नमाजाची एखादी वेळ, ज्याच्या घराण्यात जे असेल ते. मात्र वेळ ठरलेली असावी आणि जागा ठरलेली असावी.

या बाबतीत माझ्या मनावर कायमची कोरली गेलेली गोष्ट १९६१ सालची आहे. त्या वर्षी १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचेही फुटले, आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. नारायण पेठेतील आमच्या वाड्याचा तळमजला बुडाला होता. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो तो उंबऱ्यापासून माजघरापर्यंत गुडघाभर गाळ, त्यात उलथलेली भांडी, फुगलेल्या वह्या, धान्याच्या डब्यांतून निघणारा आंबूस वास, आणि भिंतीवर माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, पाणी कोठवर चढले होते ते दाखविणारी एक काळसर रेघ. नळाला पाणी नव्हते, कारण ज्या धरणाने शहराला पाणी पुरवायचे तेच फुटले होते. आजीने गाळात हात घालून देव शोधून काढले, पदराने पुसले, एक पातेले पालथे घालून त्यावर मांडले. तेल नव्हते, वात नव्हती. तिने नुसते हात जोडले. मी विचारले, "आजी, देवाने आपले घर का ग बुडवले?" ती म्हणाली, "ते मी विचारणार आहे रे त्याला. पण आधी तो पत्र्याचा तुकडा घे आणि उंबऱ्यातला गाळ ओढायला लाग." त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर शांती होती असे मी म्हणणार नाही, डोळे सुजलेले होते आणि हात कापत होते. पण हात जोडले गेले होते आणि पत्रा हलू लागला होता.

दुसरे सांगणे असे की, स्वतःचे शब्द सुचत नसतील तर दुसऱ्याचे उसने घ्यावेत. दुःखाच्या पहिल्या तडाख्यात वाचा बसते, आणि प्रार्थना ही आपल्याच अंतःकरणातून स्फुरली पाहिजे असा आग्रह धरणारा माणूस मग मुळी प्रार्थनाच करीत नाही. तुकोबांसारख्या वाणीच्या धन्यानेही सुरुवात उसन्या शब्दांवरच केली. आधीच्या संतांची काही वचने त्यांनी श्रद्धेने पाठ केली आणि जे पुढे उभे राहून गात त्यांच्या मागे राहून ते धृपद धरू लागले. आषाढवारीत त्यांची पालखी पुण्यात नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते, त्या सुमारास रस्त्याच्या कडेला उभे राहून एखादी दिंडी लक्षपूर्वक पाहावी. विणेकरी मध्ये, टाळकरी रांगांनी. पुढच्या फळीतील जाणते लोक चाल लावतात, मागच्या फळीत कोणी नवखा पोरगा, कोणी थकलेला म्हातारा असतो. त्याला चरण येत नाही, परंतु धृपद येते, आणि तेवढे धरण्याच्या जोरावर त्याचे पाऊल इतरांबरोबर पडत राहते. संकटात सापडलेल्या माणसाची जागा ही मागच्या फळीची जागा आहे, आणि त्या जागेत कमीपणा मुळीच नाही. भजनी मंडळ असेल, सत्संग असेल, रविवारची उपासना असेल, तेथे नेमाने जाऊन बसावे. बोलावे असे बंधन नाही. एकट्याचा आवाज फुटेनासा झाला म्हणजे दहांचा आवाज आपल्याला वाहून नेतो. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी तुकोबांचे निवडक अभंग इंग्रजीत उतरविले. ज्यांच्या एका शब्दासरशी हजारो लोक रस्त्यावर येत त्या पुरुषालाही कोठडीच्या एकांतात तीनशे वर्षांपूर्वीच्या एका वाण्याचे शब्द जवळ करावेसे वाटले, हे आपण ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट तक्रारीची. देवाविषयी मनात राग आला तर पाप लागेल या धास्तीने पुष्कळ भाविक माणसे तो राग गिळतात, आणि गिळलेला राग मग बायकामुलांवर, शेजाऱ्यांवर, नाहीतर स्वतःच्या प्रकृतीवर निघतो. संतांनी असे केले नाही. तुकोबा विठ्ठलाशी जे भांडले आहेत ते वाचताना आजही छाती दडपते. त्याला त्यांनी कृपण म्हटले, दिवाळखोर म्हटले, आपल्यापुरता तू उरलाच नाहीस येथपर्यंत मजल नेली. परंतु हे सारे त्यांनी त्याच्या तोंडावर म्हटले, पाठीमागे नव्हे, आणि सगळी मेख येथेच आहे. ज्या दरबारावरचा विश्वास पूर्णपणे उडाला त्या दरबारात कोणी फिर्याद घेऊन जात नाही. फिर्याद गुदरणे म्हणजेच त्या दरबाराचा अधिकार आपण अजून मानतो अशी कबुली देणे होय. तेव्हा ज्याला "का?" असे विचारावेसे वाटते त्याने ते मोठ्याने, एकांतात, देवालाच विचारावे. माझ्या आजीनेही ते विचारले. गाळ उपसून झाल्यावर, भाद्रपदाच्या सुमारास, एका संध्याकाळी देवघरात ती कोणाशी तरी दबक्या आवाजात तावातावाने बोलत आहे असे मला ऐकू आले, आणि डोकावून पाहिले तो तेथे तिच्याखेरीज कोणीही नव्हते. तिला उत्तर मिळाले की नाही हे मला माहीत नाही; बाहेर आली तेव्हा तिने चुलीवर आधण ठेवले एवढे मला आठवते.

चौथे सांगणे असे की, आपल्यापेक्षा हलाखीत असलेल्या एखाद्या जिवासाठी अंग झिजवावे. तुकोबांनीही आपल्या जमाखर्चात ही बाब नोंदविली आहे. शरीर कष्टवून जमेल तेवढा परोपकार केला, असे ते सांगतात. याचे अधिक जवळचे उदाहरण पाहायचे असेल तर तुकोबांच्या पालखीच्याच वाटेने यवत-वरवंडच्या टापूत जावे. तेथे केडगाव आहे आणि केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १८७४ च्या आगेमागे, दक्षिणेतील दुष्काळात, वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण अशी तिघे एकामागून एक दगावली. त्यानंतर रमाबाई आणि त्यांचा भाऊ अनवाणी देशभर भटकले, आणि थंडीपासून जीव वाचविण्यासाठी नदीकाठच्या वाळूत खड्डे करून, मान तेवढी बाहेर ठेवून, वाळू अंगावर ओढून निजले. पुढे तो भाऊही गेला, आणि लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच पतीही गेला. तान्ही मुलगी घेऊन ही विदुषी १८८२ साली पुण्यास आली. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविले. १८९३ साली त्या सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माची छाप पडते असा गवगवा होऊन रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले आणि पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्यांना विरोध एकाच बाजूने झाला असेही नाही. विलायतेतील त्यांच्या धर्मगुरुजनांशीही त्यांचे कडाक्याचे मतभेद होते. अशा दुहेरी कोंडीत सापडलेल्या माणसाने आपल्यापुरते दार लावून घेतले असते तर कोणी दोष दिला नसता. पण १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा, स्वतःच्या भुकेची आठवण ताजी असलेल्या या बाई मध्य प्रांताच्या दुष्काळी मुलखात गेल्या, शेकडो अनाथ मुली आणि विधवा घेऊन आल्या, आणि पुण्यात प्लेगचा कहर चालू असताना केडगावच्या माळावर त्यांना आसरा दिला. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तरी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणण्याचे आपले काम त्यांनी १९२२ साली देह ठेवीपर्यंत सोडले नाही. त्यांचा धर्म आपला असो वा नसो, दुःखाला उपयोगी लावण्याची ही रीत कोणालाही उचलता येण्याजोगी आहे. आपल्याला माळावर आश्रम काढायचा नाही. ससून रुग्णालयाच्या व्हरांड्यात शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या नातेवाइकाला चहा आणून देणे, त्याची चिठ्ठी घेऊन औषधाच्या रांगेत उभे राहणे, एवढे पुरे. दुसऱ्याला आधार देताना आपल्याच पायाखाली जमीन आहे असे प्रथमच जाणवते. हा अनुभव ज्याने घेतला त्याला तो पटवून द्यावा लागत नाही.

आता विरोधाविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण आपत्तीपेक्षा विरोध अधिक झोंबतो. पुराला चेहरा नसतो, विरोधकाला असतो. विरोध होऊ लागला म्हणजे दोन मोह होतात. एक, सारे जग विरुद्ध आहे त्या अर्थी देवही विरुद्ध असावा असे वाटणे. आणि दुसरा, लोक विरुद्ध आहेत त्या अर्थी आपणच बरोबर आहोत असे वाटणे. हे दोन्ही निष्कर्ष उतावीळ आहेत. विरोधकाच्या बोलण्यात एक आणा जरी तथ्य असले तरी तेवढे शांतपणे वेचून घ्यावे, बाकीचे पंधरा आणे सोडून द्यावेत. तुकोबांच्या बाबतीत परंपरा सांगते ती कथा सर्वश्रुत आहे: शूद्राने वेदार्थ बोलू नये म्हणून वाघोलीच्या रामेश्वर भटांनी आक्षेप घेतला, आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. त्यांनी उलट शिव्याशाप दिले नाहीत आणि लेखणी टाकून पळही काढला नाही. नदीकाठच्या शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून पडून राहिले आणि दाद मागितली ती एकट्या देवाकडे. वह्या तरल्या असे परंपरा मानते. त्याहून मोलाच्या दोन गोष्टी मला वाटतात. पहिली ही की, पुढे हेच रामेश्वर भट तुकोबांचे शिष्य झाले आणि तुकोबांची जी आरती आज घरोघरी म्हटली जाते ती त्यांनीच रचली. म्हणून आजच्या विरोधकाशी बोलताना, हा मनुष्य उद्या आपल्या बाजूला येऊन बसला तर आपल्याला आपलेच शब्द गिळावे लागू नयेत, एवढी जीभ जपावी. दुसरी गोष्ट त्याहून नाजूक आहे. देवाने आपले ऐकले या जाणिवेनंतर तुकोबांनी विजयाचा उत्सव केला नाही. आपण हट्ट धरून देवाचा अंत पाहिला, त्याला तिष्ठत ठेवले, याची त्यांना शरम वाटली आणि ती त्यांनी अभंगांत नमूद केली. ज्याचा भरवसा खरोखर दृढ झाला त्याला पुन्हा देवाकडून जामीन मागावासा वाटत नाही.

यापुढे काही सावधगिरीच्या सूचना देणे मी माझे कर्तव्य समजतो. ईश्वरावर भरवसा ठेवणे म्हणजे वैद्याकडे न जाणे नव्हे, वकील न करणे नव्हे, आणि अन्याय मुकाट सोसणे तर नव्हेच. औषध वेळेवर घ्यावे, दाव्याचे दस्तऐवज नीट लावून ठेवावेत, आणि मग जे आपल्या हाती नाही ते त्याच्या हाती सोडावे. पैसे मोजा म्हणजे पीडा टाळतो असे म्हणणाऱ्या बुवा-बाबाच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. दुखावलेले मन हीच अशा लोकांची बाजारपेठ असते. मनात जीव नकोसा झाल्याचे विचार वारंवार येऊ लागले तर ते लपवून ठेवू नयेत. घरच्या माणसाला सांगावे आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे, कारण मदत मागणे ही श्रद्धेची उणीव नव्हे. आणि ज्यांचे स्वतःचे दिवस बरे चालले आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, दुसऱ्याच्या दारी समाचाराला गेल्यावर हे तुमच्या पूर्वकर्माचे फळ आहे, किंवा देव परीक्षा पाहतो आहे, असले भाष्य करू नका. जवळ बसा, घरात पाणी भरले आहे की नाही ते पाहा, आणि जेवणाचा डबा घेऊन जायला विसरू नका.

एवढे सारे केल्यावर भरवसा येतोच काय, असे कोणी विचारील. तो मुदत घालून येत नाही आणि दवंडी पिटून तर नाहीच नाही. नेम चालू असतो, धृपद धरलेले असते, फिर्याद दाखल केलेली असते, हात कोणाच्या तरी कामात असतात. आणि केव्हातरी एके दिवशी आपल्या ध्यानात येते की, संकट तसेच उभे असूनही काल रात्री आपल्याला झोप लागली होती. भरवशाची पहिली खूण मला तरी एवढीच ठाऊक आहे.

पूर ओसरल्यावर त्या वर्षीच्या दिवाळीपूर्वी आमच्या वाड्याच्या भिंतींना नवा चुना लागला. काका आजीला म्हणाले, "आई, देव्हारा आता माळ्याजवळ उंच बसवू या. पुन्हा कधी पाणी आले, तर निदान देव तरी कोरडे राहतील." आजीने भिंतीकडे पाहिले, चुन्याखालून ती रेघ अजून पुसटशी दिसत होती. "नको रे," ती म्हणाली, "पूर्वी होता तिथेच बसव. पाणी आले तर आपण भिजू आणि तोही भिजेल. आपल्याला खाली टाकून एकटा वर बसणारा देव मला कशाला हवा?" काकांनी जुन्याच जागी, त्या रेघेच्या हातभर खाली, खिळा ठोकला.